सातशे रुपयांचा ओबीडी ब्लूटूथ रीडर : अ‍ॅव्हरेजसाठी घ्यावा का?

आधीच सांगून टाकतो, ही वस्तू गाडीला लावली म्हणून अ‍ॅव्हरेज एक थेंबही वाढत नाही. लावायची जवळजवळ कुठलीच वस्तू वाढवत नाही, त्याबद्दल खाली बोलतोच. तरीही मी हिला पाचपैकी चार देतोय, कारण माझ्या गाडीचं पेट्रोल नक्की कुठे जातंय हे मला ना सर्व्हिस सेंटरने सांगितलं ना गॅरेजवाल्याने, ते ह्या काडेपेटीएवढ्या डबीने आणि मोबाईलवरच्या फुकट अ‍ॅपने सांगितलं.

गाडी २०१४ ची, एक लिटरचं पेट्रोल इंजिन, मॅन्युअल. कंपनी कोणती ते लिहीत नाही, नाहीतर मूळ विषय राहतो बाजूला आणि तुझी भारी की माझी भारी सुरू होतं. पुण्यात रोजचं ऑफिस, सिंहगड रोडचं ट्रॅफिक, आणि गाव सातारच्या बाजूला त्यामुळे अधूनमधून हायवे. मीटरमध्ये अ‍ॅव्हरेज दाखवायची सोय नाही. सिटीत सोळाच्या आसपास पडत होतं, आधी जास्त द्यायची, आणि गॅरेजमध्ये विचारलं की एकच उत्तर, साहेब आता गाडी जुनी झाली.

आता वस्तू काय आहे ते. स्टिअरिंगच्या खाली, उजव्या गुडघ्याजवळ १६ पिनांचा एक सॉकेट असतो, त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात. २०१३ नंतरच्या आपल्याकडच्या बहुतेक सगळ्या कारना असतोच. सर्व्हिस सेंटरवाले लॅपटॉप लावतात तो तिथेच. त्यात हा रीडर खोचायचा, मोबाईलचं ब्लूटूथ जोडायचं (पिन बहुतेक वेळा १२३४ नाहीतर ००००), टॉर्क नाहीतर कार स्कॅनर नावाचं अ‍ॅप टाकायचं की गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, जे काही बघतो ते तुम्हालाही दिसायला लागतं. आरपीएम, कूलंटचं टेंपरेचर, थ्रॉटल किती उघडलाय, इंजिनवर लोड किती, ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज, वगैरे वगैरे. ह्यातलं निम्मं आपल्याला लागत नाही.

बाजारात ह्याच सॉकेटमध्ये बसणारी दुसरी एक डबी मिळते, तिच्याशी गल्लत करू नका. ती 'फ्युएल सेव्हर' म्हणून विकतात, हिरवी पिवळी वेगवेगळ्या रंगात, आणि बॉक्सवर लिहिलेलं असतं की दीडशे-दोनशे किलोमीटर गाडी चालवा, मग ती तुमचं ड्रायव्हिंग शिकते आणि ईसीयू ट्यून करून पेट्रोल वाचवते. आमच्या मामांनी मागवली होती, एकावर एक फ्री होती म्हणून फ्रीवाली मला दिली. "लाव रे, दोन किलोमीटर तरी वाढतं लिटरमागे." मामांना नाही म्हणायची सोय नाही, म्हणून हो म्हटलं आणि घरी येऊन स्क्रू काढून उघडली. आत एक छोटी चिप, एक बटण, दोन-चार किरकोळ पार्ट आणि तीन एलईडी. गाडीच्या ईसीयूशी बोलायचं तर पिन ६ आणि १४ वरून कॅन लाईनवर (गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती तार) बोलावं लागतं आणि त्याला कॅन ट्रान्सीव्हर नावाची वेगळी चिप लागते, ती ह्यात नव्हतीच. म्हणजे पिन १६ वरून बॅटरीचे बारा व्होल्ट घ्यायचे आणि दिवे लुकलुकवायचे, एवढंच काम. परदेशातही लोकांनी असल्या डब्या उघडून हेच दाखवलंय. पेट्रोलच्या पाइपला बांधायच्या मॅग्नेटचं पण तसंच. अमेरिकेच्या ईपीएने, म्हणजे तिथल्या पर्यावरण बघणाऱ्या सरकारी संस्थेने, असली शंभरच्या वर उपकरणं गेल्या कित्येक वर्षांत तपासली, त्यातल्या फार थोड्यांनी किंचित फरक दाखवला, बाकी काही नाही. मामांना हे सांगितलं तर म्हणाले माझं अ‍ॅव्हरेज वाढलंय. वाढलं असेल, कारण डबी लावल्यापासून मामा साठच्या वर जात नाहीत.

असो. रीडरकडे येतो.

पहिली आणि सगळ्यात मोठी गोष्ट जी ह्याने पकडली ती म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. हायवेला चांगलं अर्धा-पाऊण तास चालवल्यावर कूलंटचं टेंपरेचर ८५ ते ९५ च्या मध्ये कुठेतरी यायला पाहिजे, तिथे आमची गाडी ६८-७० वर अडकलेली, खंबाटकी चढताना थोडं वर जायचं आणि उतार लागला की परत खाली. आता ह्या छोट्या गाड्यांत टेंपरेचरचा काटाच नसतो, थंड असताना निळा दिवा आणि उकळली की लाल दिवा, मधलं काही नाही, आणि निळा दिवा इंजिन नीट गरम व्हायच्या बरंच आधी विझतो. त्यामुळे बाहेरून कळायला मार्गच नव्हता. चेक इंजिनचा दिवा पण लागला नाही.

गाडी एकदा ट्रॅफिकमध्ये गरम झाली होती तेव्हा एका गॅरेजमध्ये दाखवली होती, त्याने रेडिएटर फॅनचा रिले बदलला आणि जाता जाता थर्मोस्टॅट पण काढून टाकला, न सांगता. आपल्याकडे ही पद्धतच आहे, "काढून टाकला साहेब, आता कधीच गरम होणार नाही." बरोबर आहे, गरम होणारच नाही ना, कारण कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतंय. पण इंजिन थंड आहे असं ईसीयूला वाटलं की तो जास्त पेट्रोल सोडतो, जुन्या गाड्यांत चोक ओढायचो त्यातलाच प्रकार, शिवाय ऑइल जाड राहतं त्यामुळे घर्षण जास्त. सिटीत पाच-सात किलोमीटरचं अंतर असेल तर गाडी पूर्ण तापायच्या आत ऑफिस येतं आणि तुम्ही सगळा रस्ता जास्तीचं पेट्रोल जाळत जाता. नवीन थर्मोस्टॅट हजाराच्या आत आला, कूलंट आणि मजुरी वेगळी. बसवला आणि टेंपरेचर ८८ च्या आसपास जाऊन तिथेच थांबलं. गॅरेजवाला बसवताना मला वेड्यात काढत होता ते सोडा.

एवढ्यानेच सिटीचं अ‍ॅव्हरेज लिटरमागे एक किलोमीटरच्या आसपास सुधारलं. तुमच्या गाडीत थर्मोस्टॅट असेल आणि चालू असेल तर तुम्हाला ह्यातलं काही मिळणार नाही, हे पण सांगायला पाहिजे. पण जुनी गाडी घेतली असेल, किंवा कधी ओव्हरहीट झाली होती आणि बाहेर दाखवली होती असं असेल, तर नक्की बघा, रीडर लावल्यावर पहिला आकडा हाच बघा.

दुसरी गोष्ट घाट आणि न्यूट्रल. आपल्याकडे अर्धा महाराष्ट्र उतारावर गाडी न्यूट्रल करतो, पेट्रोल वाचतं म्हणून. माझे वडील करायचे, कार्बोरेटरच्या जमान्यात त्याला थोडाफार अर्थ पण होता. इंजेक्शनच्या गाडीत काय होतं ते ह्या रीडरवर स्वच्छ दिसतं. बायकोला शेजारी फोन घेऊन बसवलं (चालवणाऱ्याने फोन बघू नका, प्लीज), स्क्रीनवर ऑक्सिजन सेन्सरचं (इंजिनातून निघालेल्या धुरात किती ऑक्सिजन उरलाय ते बघणारा) व्होल्टेज लावलं. एरवी हा आकडा सारखा खालीवर नाचत असतो, ०.१ पासून ०.९ व्होल्टपर्यंत, म्हणजे इंजिनात पेट्रोल जळतंय आणि ईसीयू ते सतत कमी-जास्त करतोय. मोकळ्या उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला. बायको म्हणाली, "अरे, हा शून्यावरच जाऊन बसला, हलतच नाही." हेच ते. इंजेक्टर बंद. आरपीएम दोन हजाराच्या वर, इंजिन फिरतंय, पण त्याला चाकं फिरवतायत, पेट्रोल शून्य. मग तसाच बऱ्यापैकी सपाट, रिकामा पट्टा बघून काही सेकंद न्यूट्रल केलं, तर आरपीएम आठशे आणि व्होल्टेज परत नाचायला लागलं, म्हणजे आयडलिंगचं पेट्रोल चालू. थोडक्यात उतारावर न्यूट्रल केलं की पेट्रोल जास्त जातं, कमी नाही, आणि वर इंजिन ब्रेकिंग गेलं ते वेगळंच. फक्त आरपीएम हजार-दीड हजाराच्या खाली आलं की इंजेक्टर परत चालू होतात, नाहीतर गाडी बंद पडेल, तो आकडा प्रत्येक गाडीत वेगळा.

हे लांबण लावून लिहितोय कारण कात्रजचा नवीन बोगदा ते नवले पूल हा उतार माझ्या रोजच्या माहितीचा आहे. तिथे ब्रेक फेल होऊन ट्रक समोरच्या गाड्यांवर जातात त्याच्या बातम्या आपण सगळे वाचतो, आणि त्यात परत परत हेच आलंय की डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती. आता डिझेल इंजिनातही उतारावर गिअरमध्ये पाय काढला की इंधन बंदच होतं. म्हणजे जे वाचवायला ते एवढा जीव धोक्यात घालतात ते वाचतच नाही. एक्सप्रेसवेच्या टोलवर ह्याची पोस्टर्स लावायला पाहिजेत खरं तर.

तिसरं, सिग्नल. एक लिटरच्या इंजिनाला नुसतं उभं राहायला तासाला अर्धा ते पाऊण लिटर लागतं आणि एसी लावला की लिटरच्या जवळ जातं. ऐकून माहिती होतं, पण राजाराम पुलाच्या सिग्नलला उभं राहून तो आकडा फिरताना बघितला की मग हात आपोआप चावीकडे जातो. तीस सेकंदांच्या वरचा सिग्नल असेल तर बंद करतो आता. एसी मात्र बंद केला नाही, मे महिन्यात पुण्यात एसी बंद करून अ‍ॅव्हरेज काढण्यात काही मजा नाही.

हायवेला फरक वेगाचा. ८० वरून १०० वर गेलं की हवेचा विरोध दीडपटीच्या वर जातो (वेगाच्या वर्गाने वाढतो, शाळेत शिकलोय सगळे), आणि उभट छोट्या गाडीला तो जास्तच बाधतो. स्क्रीनवर ८० ला निवांत असलेला लोडचा आकडा १०० ला असा चढतो की पाय आपोआप हलका होतो. पीसीआरए ही इंधन वाचवा सांगणारी सरकारी संस्था तर कित्येक वर्षं ४५ ते ५५ चा वेग सांगत आलीये, हायवेला ते काही कोणी पाळणार नाही, पण ८० पाळता येतं. सातारा यायला दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतात, एवढंच.

आता ई-२० बद्दल, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल, कारण प्रत्येक जण तेच विचारतो. अ‍ॅपमध्ये फ्युएल ट्रिम म्हणून दोन आकडे असतात, शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म. ईसीयूला त्याच्या मूळ हिशोबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडावं लागतंय ते त्यात दिसतं. माझ्या गाडीत लाँग टर्म प्लस पाच-सहाच्या घरात असतो. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो म्हणून तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं, आणि लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी, त्यामुळे जुन्या गाडीत ट्रिम प्लसमध्ये जाणं साहजिक आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या रोडमॅपमध्येच लिहिलंय की जुन्या डिझाईनच्या, ई-१० ला कॅलिब्रेट केलेल्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज ६ ते ७ टक्के कमी होऊ शकतं, आणि ई-२० साठी कॅलिब्रेट केलेल्यांचं १ ते २ टक्के. सोळाला सहा टक्के म्हणजे एक किलोमीटर. ते काही ह्या रीडरने परत मिळत नाही, ट्रिम दहाच्या आत आहे तोवर गाडीत बिघाड नाही एवढी खात्री होते. त्याच्या वर गेला तर मात्र कुठेतरी हवा लीक, घाण इंजेक्टर नाहीतर सेन्सर, तेव्हा दाखवून घ्या. "ई-२० मुळे अ‍ॅव्हरेज निम्मं झालं" म्हणणाऱ्यांनी आधी टायरमधली हवा बघावी, मग बोलू.

हवेवरून आठवलं, ते काम रीडर करत नाही, जुन्या गाड्यांत टायरचं प्रेशर ओबीडीवर येत नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो त्यावरचा आकडा, टायर थंड असताना. पंपावरचा पोऱ्या किती मारू विचारतो तेव्हा आपल्याला तो पाठ पाहिजे.

आता वाईट गोष्टी. पेट्रोलचा जो आकडा अ‍ॅप दाखवतं तो मोजलेला नसतो, हिशोब केलेला असतो. ज्या गाडीत हवा मोजायचा सेन्सर नाही, नुसता प्रेशरचा आहे, तिथे अ‍ॅप इंजिनाची साईज आणि व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी (सिलिंडर प्रत्यक्षात किती टक्के हवेने भरतो ते) धरून अंदाज लावतं, आणि मिश्रण शुद्ध पेट्रोलचं, एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा असं धरतं त्यामुळे ई-२० वर खप जरा कमीच दाखवतं. आणि उतारावर इंजेक्टर बंद असताना ह्याला ते कळतच नाही, तिथेही थोडं पेट्रोल जातंय असं दाखवतं, म्हणून तर मी वर ऑक्सिजन सेन्सर बघायला सांगितलं. त्यामुळे आधी टँक टू टँक काढा, आणि अ‍ॅपमधली एफिशियन्सी कमी-जास्त करून त्याच्याशी जुळवा. टँक टू टँक म्हणजे एकाच पंपावर, शक्यतो त्याच नोझलला, पहिल्या ऑटो कटला थांबायचं. तिथे तो "साहेब, दोन हजार राऊंड करू का?" म्हणतो तेव्हा नाही म्हणायचं, त्या राऊंडमध्येच सगळा हिशोब बिघडतो. सीएनजीवर तर तो आकडा बघूच नका, डिझेललाही भरवसा नाही.

क्वालिटी म्हणाल तर लॉटरी आहे. ह्या रीडरमध्ये ईएलएम ३२७ नावाची चिप असते, मूळ बनवणारी कॅनडाची कंपनी २०२२ ला बंद झाली, आणि आपल्याकडे स्वस्तात मिळतात ते सगळे चिनी क्लोन. बॉक्सवर व्हर्जन १.५ लिहिलंय का २.१ ते बघा. गंमत म्हणजे १.५ नावाचं व्हर्जन मूळ कंपनीने कधी काढलंच नव्हतं, तरी क्लोनमध्ये १.५ वालेच बरे चालतात, २.१ वाल्यांत कमांड गाळलेल्या असतात आणि काही गाड्यांना जोडलेच जात नाहीत. माझा आधी एक २.१ वाला आला होता, अ‍ॅप नुसतं कनेक्टिंग कनेक्टिंग करत बसायचं, परत पाठवला. दुसरा १.५ वाला सातशेच्या आसपास पडला, तो चालतोय, पण मधूनच ब्लूटूथ तुटतं, विशेषतः गाणी पण ब्लूटूथवर चालू असतील तर. आयफोनवाल्यांनी साधा ब्लूटूथवाला घेऊ नये, चालत नाही, वायफायवाला नाहीतर ब्लूटूथ ४.० वाला बघावा. बाईकला सॉकेट वेगळा असतो, वेगळी केबल लागते, त्या भानगडीत मी पडलो नाही.

अजून एक, गाडी बंद असताना पण त्या सॉकेटला करंट असतो. रीडर तसाच ठेवून गावाला गेलात तर आल्यावर गाडीला धक्का. माझा लाल दिवा रात्रभर जळतो म्हणून काम झालं की काढून ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकतो, आणि ते बरंच आहे, कारण गुडघ्याला लागतो तो, आणि १२३४ पिनवर पार्किंगमधला कोणीही जोडू शकतो. अ‍ॅपमध्ये क्लिअर फॉल्टचं बटण असतं ते उगाच दाबू नका, दिवा विझतो पण बिघाड तिथेच राहतो आणि मेकॅनिकला मग काही दिसत नाही. वॉरंटीतल्या गाडीला लावणार असाल तर सर्व्हिसला देताना काढून द्या, तिथे उगाच वाद नको.

सध्या सिटीत साडेसतराच्या आसपास मिळतंय, हायवेला एकवीस-बावीस. ह्यातलं सगळ्यात जास्त थर्मोस्टॅटचं, मग पायाचं, मग टायरमधल्या हवेचं.

कोणी घ्यावा? २०१३ नंतरची, वॉरंटी संपलेली पेट्रोल गाडी असेल आणि आकडे बघायची थोडी तरी हौस असेल तर घ्या. नवीन गाडीत मीटरवरच लाईव्ह अ‍ॅव्हरेज दिसतं, त्यांना गरज नाही. ऑनलाईन घेतलात तर परत द्यायची मुदत संपायच्या आत घरातल्या, शेजारच्या, मिळेल त्या गाडीला लावून बघा, एका गाडीला चालला म्हणजे दुसरीला चालेल असं नाही. माझाच मामांच्या गाडीला जोडला जात नाही.